रोमचा युक्तिवाद, परळची सेवा

रविवार १८ मे २०२५ रोजी रोमच्या सेंट पीटर्स चौकात पोप लिओ चौदावे यांच्या कारकिर्दीचा विधिवत प्रारंभ झाला. त्याच दिवशी, परळच्या केईएम रुग्णालयात ४१ वर्षे अंथरुणाला खिळून असलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या मृत्यूला दहा वर्षे पूर्ण झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि दिनदर्शिकेच्या एका चौकोनात दोन गोष्टी पडल्या म्हणून त्यांत संकेत शोधत बसण्याचेही कारण नाही. तरी हे निमित्त सोडवत नाही. माणसाच्या जगण्यामरण्याविषयी चर्चने शतकानुशतके जो विचार घडवला, त्याची आपल्या देशातली सर्वांत अवघड परीक्षा महापालिकेच्या एका रुग्णालयात झाली. ती देणाऱ्या बहुतेक परिचारिकांना त्या विचाराचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

नव्या पोपनी लिओ हे नाव का घेतले, ते त्यांनी १० मे रोजी कार्डिनलांसमोर सांगितले. लिओ तेराव्यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कारखान्यांच्या युगातल्या कामगाराची बाजू घेतली होती. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमांपुढे पुन्हा तसाच प्रश्न उभा आहे, असा त्यांचा रोख होता. त्या परिपत्रकातला एक मुद्दा गिरणगावाला सहज पटेल. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने पगार ठरवला, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. उपाशी माणसाची राजीखुशी ती किती? घाम गाळणाऱ्याला पोटापुरते मिळाले पाहिजे, ही मागणी कुठल्याही कराराहून जुनी आहे. ती माणूस असण्यातूनच येते. परिपत्रकात बायबलची वचने आहेतच, पण हा मुद्दा त्यांच्यावर टेकलेला नाही. तो ज्याला पटवायचा, त्याचा बाप्तिस्मा झालेला असण्याची गरज नाही.

हे परिपत्रक निघण्याच्या साधारण वर्षभर आधी, २४ एप्रिल १८९० रोजी, महालक्ष्मीला सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी बोलावलेल्या त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली, आणि वाचक रविवारी ज्या निवांतपणे अंक हातात धरून बसतात, तो निवांतपणा तिथून सुरू झाला. रविवारच का, याचे लोखंड्यांच्या नावावर सांगितले जाणारे उत्तर मोठे मासलेवाईक आहे: रविवार खंडोबाचा. गोऱ्या साहेबाला तो प्रभूचा दिवस, मजुराला मल्हारीचा. सहा दिवस मागाशी उभ्या राहिलेल्या शरीराला सातव्या दिवशी विसावा हवा, ही गोष्ट मात्र दोघांच्या देवांची परवानगी न विचारता खरी होती.

लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी. फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले तेही १८९१ मध्येच. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या आणि टॉमस पेन वाचलेल्या जोतीरावांचा निर्मिक कुठल्या एका ग्रंथाचा, एका जातीचा किंवा एका देशाचा नाही. त्याने स्त्रीपुरुषांना हक्क सारखेच दिले. मग ते काढून घेणारे मधले कोण, हा फुल्यांचा सवाल. रोमच्या परिपत्रकाला तो सवाल तितक्याच धारेने विचारता आला नाही, हेही सांगून टाकले पाहिजे. स्त्रीच्या बाबतीत जोतीराव लिओ तेराव्यांच्या कितीतरी पुढे होते. पण विचाराची जात एकच. सरकारने, सावकाराने किंवा शास्त्राने दिलेल्या हक्कांच्या आधी माणसाला काही हक्क असतात, आणि ते ओळखायला साधी बुद्धी पुरते.

ख्रिस्ती परंपरेत याला नैसर्गिक नीतिनियम म्हणतात. संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात याचे बीज आहे: ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही, त्यांच्याही अंतःकरणावर नियम कोरलेला असतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्या बीजाचे झाड केले. जीव जपावा, मुले वाढवावीत, सत्य जाणून घ्यावे, चारचौघांत राहावे, या माणसाच्या मूळच्या ओढी आहेत आणि चांगलेवाईट ठरवताना बुद्धी तिथून निघते, असे तो म्हणतो. त्याच अक्वायनसने आणखी एक शहाणपण सांगितले आहे, ते त्याच्या अनुयायांना नेहमी आठवतेच असे नाही: प्रत्येक पाप हा गुन्हा करू नये, कायद्याने माणसांच्या कुवतीकडे पाहून चालावे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा जिवंत केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवूनही समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानणे चर्चला मान्य नाही, असे सांगितले होते. ज्या कलमाचा सगळा डोलारा ‘निसर्गाविरुद्ध’ या कल्पनेवर उभा होता, त्याच्याविषयी एका कार्डिनलने असे बोलणे ही लहान गोष्ट नव्हती. तिची व्हावी तेवढी चर्चा झाली नाही.

मराठी सार्वजनिक जीवनात या पद्धतीने बोलणारा आपल्या ओळखीचा माणूस म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या विहिरी, बागायत आणि टँकरमाफिया यांविषयी ते हरित वसई चळवळीच्या व्यासपीठावरून बोलले, तेव्हा त्यांनी श्रोत्यांकडे श्रद्धा मागितली नाही. पाणी सगळ्यांचे आहे, एवढेच मागितले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला धर्मगुरू अध्यक्ष कसा चालेल, म्हणून ज्यांनी गदारोळ केला, त्यांनी या माणसाने आयुष्यभर कशासाठी भांडण काढले ते पाहिले असते तर बरे झाले असते. असो.

आता उलट बाजू. ‘निसर्गतः’ हा शब्द ऐकला की या भूमीतल्या निम्म्याहून अधिक माणसांचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. आमच्याकडे जातही निसर्गतःच होती. कोणी काय काम करायचे, कोणी कुठल्या पाणवठ्यावर जायचे, हे जन्मजात गुणांवरून ठरलेले आहे, असे शास्त्रीबोवा हजार वर्षे सांगत आले. युरोपलाही हा रोग नवा नाही. अॅरिस्टॉटलच्या आधाराने काही माणसे निसर्गतःच गुलाम ठरवली गेली. सोळाव्या शतकात सालामांकाच्या फ्रान्सिस्को दे व्हिटोरियाने अमेरिकेतले मूळ रहिवासी आपल्या जमिनीचे खरे मालक आहेत, असे नैसर्गिक नियमाच्याच आधारे ठणकावले, आणि त्याच व्याख्यानांत स्पॅनिश फौजांना शिरता येईल अशा फटीही ठेवल्या. दादरच्या राजगृहात राहिलेल्या बाबासाहेबांना हे सारे पुरते ठाऊक होते. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी इतिहासकार ग्रोटचा दाखला देऊन बजावले की संविधानिक नीती माणसात आपोआप उगवत नाही, ती जोपासावी लागते. अक्वायनस म्हणतो, नियम अंतःकरणावर कोरलेला आहे. आंबेडकर म्हणतात, त्या अंतःकरणाची आधी मशागत करा. आमचा कौल आंबेडकरांकडे झुकतो. पण मशागत करायची ती काय उगवावे म्हणून, हे ठरवायला कुठलीतरी कसोटी लागतेच, आणि तिथे अक्वायनसला दाराबाहेर ठेवून भागत नाही. १९७६ मध्ये आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी जगण्याचा हक्कही सरकार स्थगित करू शकते असे मानले आणि एकट्या हंसराज खन्नांनी विरोध केला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने खन्ना बरोबर होते, जगण्याचा हक्क राज्याने बहाल केलेला नाही, तो माणसाचा उपजतच आहे, असे मान्य केले. हा मुळात नैसर्गिक नीतिनियमाचाच विजय होता.

जगण्याचा हक्क असा उपजत असेल, तर मरण्याचा आहे का?

हा प्रश्न मुंबईत फार पूर्वी उभा राहिला. १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी इथे संस्था काढली. १९८५ मध्ये समाजवादी नेते सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत या विषयावर खासगी विधेयक आणले. आणि १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका पोलीस शिपायाचा खटला आला. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या या माणसाने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयासमोर पेटवून घेण्याचा प्रयत्न केला होता, आणि कायद्याने त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लावला होता. जगायला कंटाळलेल्याला तुरुंगात टाकून जगायची गोडी लावण्याचा हा सरकारी उपाय न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांना मंजूर नव्हता. त्यांनी कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. मरणाची इच्छा असाधारण असेल, पण ती अनैसर्गिक नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

महाराष्ट्रात तो परका वाटला नाही. आळंदीची संजीवन समाधी आपल्या मनात आत्महत्येच्या खान्यात बसत नाही. दादरच्या सावरकर सदनात १ फेब्रुवारी १९६६ पासून सावरकरांनी अन्न-औषध सोडले आणि २६ तारखेला देह ठेवला. कार्य संपलेल्याने स्वतःहून निरोप घेणे हे आत्मार्पण आहे, असे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. १९८२ च्या दिवाळीत विनोबांनी पवनारला तेच केले. त्या दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर, पण जाण्याची रीत एकच. या दोघांना गुन्हेगार म्हणण्याची हिंमत कोणत्याही फौजदाराला झाली नाही. कलम ३०९ गरीब शिपायासाठी होते.

सावंतांच्या निकालानंतर दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने काटा पुन्हा उलटा फिरवला. जगण्याचा हक्क नैसर्गिक आहे, आत्महत्या हा जीवनाचा अनैसर्गिक शेवट आहे, म्हणून पहिल्यात दुसरी मावत नाही, असे पीठाने म्हटले. अक्वायनसच्या ग्रंथातल्या आत्महत्येवरच्या प्रकरणात हे वाक्य सहज खपून गेले असते. निसर्ग दोन्ही न्यायालयांत साक्षीला आला आणि दोन्हीकडे वेगळी साक्ष देऊन गेला. नैसर्गिक नीतिनियमाचे टीकाकार इथे हसतात. हसू द्यावे. नियम खोटा असल्याचा हा पुरावा नव्हे; एवढ्या ढोबळ रूपात तो खाटेवरच्या माणसाच्या कामाला येत नाही, इतकेच यातून सिद्ध होते. आणि ही गोष्ट चर्चच्या शास्त्र्यांना सोळाव्या शतकातच कळली होती.

तोच व्हिटोरिया. त्याच्यासमोर प्रश्न होता: जीव जपणे कर्तव्य असेल, तर आजाऱ्याने जीव वाचवण्यासाठी कुठवर जायचे? त्याचे उत्तर वाचताना एखाद्या अनुभवी आजीशी बोलतो आहोत असे वाटते. वैद्याने कोंबडीचे महागडे पथ्य सांगितले, तरी ते परवडत नसताना खाल्लेच पाहिजे असे बंधन नाही. घास घशाखाली उतरवणे हाच छळ झाला असेल, तर न जेवणाऱ्याला पाप लागत नाही. पुढे दोमिंगो बान्येझने याला साधारण उपाय आणि असाधारण उपाय अशी नावे दिली. साधारण उपाय टाळू नयेत. असाधारण उपाय घेतले नाहीत म्हणून दोष नाही. भूल न देता पाय कापण्याचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे या भेदामागची करुणा कळते. नोव्हेंबर १९५७ मध्ये पोप पायस बारावे यांना भूलतज्ज्ञांनी श्वसनयंत्राबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी हीच वाट धरली: स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जड ओझे न लादणारे उपायच बंधनकारक, आशा नसताना यंत्र थांबवता येते. त्याच वर्षी त्यांनी हेही सांगितले की वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे घटणार असेल, तरी हेतू मारण्याचा नसल्यास ते औषध देता येते.

आज आपल्या कायद्यात मारणे आणि मरू देणे यांत जी रेघ आहे, तिची पहिली आखणी ही अशी आहे. ती आपल्यापर्यंत आली इंग्लंड-अमेरिकेच्या निकालांतून, त्यामुळे तिच्यावर कोणाचे हस्ताक्षर आहे ते दिसत नाही.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएममध्येच काम करणाऱ्या एका सफाई कामगाराने परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तळघरात हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या पंचविशीत होत्या, मूळच्या कारवारकडच्या हळदीपूरच्या. त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा चाललाच नाही. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ अरुणा वॉर्ड क्रमांक चारलगतच्या खोलीत होत्या. ऐंशीच्या सुमाराला खाट मोकळी करण्यासाठी त्यांना हलवण्याचा घाट महापालिकेने घातला, तेव्हा परिचारिकांनी तो हाणून पाडला. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: हे अन्न थांबवा, या बाईला सोडवा. विराणींच्या हेतूवर तेव्हा नको तेवढे शिंतोडे उडाले. अरुणांची गोष्ट १९९८ मध्ये पुस्तक लिहून जगापुढे आणणाऱ्याही त्याच होत्या, आणि त्यांच्या अर्जामुळेच या देशातल्या कुटुंबांना पुढे वाट मिळाली.

न्यायालयाने मुंबईच्याच तीन डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवले. ७ मार्च २०११ च्या निकालपत्राची सुरुवात न्यायमूर्ती मार्कंडेय काट्जू यांनी गालिबच्या शेराने केली आहे. पण त्यातला खरा ऐवज डॉक्टरांच्या आणि रुग्णालयाच्या अहवालांत आहे. अरुणांना मासे आवडत, हे त्यात आहे. मलेरियानंतर नाकातल्या नळीने अन्न द्यावे लागले, हे आहे. आणि इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही, हेही आहे. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे त्यालाच या शेवटच्या वाक्याचे वजन कळेल. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. तिन्ही पाळ्यांत. १९७३ नंतर जन्मलेल्या मुली परिचारिका होऊन त्या खोलीत आल्या आणि त्यांनीही तेच केले. न्यायालयाने अर्ज फेटाळला. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे ठरवले. आणि त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा उघडली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या. भोईवाडा स्मशानभूमीत त्यांना निरोप द्यायला परिचारिकांची रीघ लागली होती.

२००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अशाच रुग्णांविषयी भूमिका घेतली होती: नळीने दिलेले अन्नपाणी हा औषधोपचार नव्हे, ती साधी शुश्रूषा आहे, आणि तत्त्वतः ती थांबवू नये. केईएमच्या परिचारिका याच निष्कर्षावर पोहोचल्या होत्या, रोमला न विचारता. नैसर्गिक नीतिनियमाचा पुरस्कर्ता यावर खूश होऊन म्हणेल: बघा, अंतःकरणावर कोरलेलेच आहे. त्याच्या आनंदात आम्ही थोडे विरजण घालू इच्छितो. त्या परिचारिकांचा शब्द आपण मानतो तो त्यांचा निष्कर्ष बरोबर होता म्हणून नव्हे. ओझे त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतले होते, म्हणून. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे नळी लावलेला बाप पलंगावर आहे, पलंगाखाली नातवंडांची दप्तरे आहेत आणि मिळवता एकच आहे, तिथे जाऊन ‘ही साधी शुश्रूषा’ असे सांगण्याचा अधिकार रोमला नाही, दिल्लीलाही नाही आणि अग्रलेख लिहिणाऱ्यांना तर मुळीच नाही. तिथे तीन पाळ्या नाहीत. सून हीच तिन्ही पाळ्या. व्हिटोरियाने घरची ऐपत विचारली होती, पायस बाराव्यांनी दुसऱ्यावर पडणारे ओझे मोजले होते. परंपरेतला हा व्यवहारी मायाळूपणा पुढच्या काळात आटत गेला, अशी आमची तक्रार आहे.

पण ती तक्रार एवढ्यावर सोडली तर मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळींवर अन्याय होईल. मरणाच्या हक्काचा तो मुंबई उच्च न्यायालयातला निकाल आला १९८६ मध्ये. त्याच वर्षी, टाटा मेमोरियलमधून इलाज संपलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना घरी पाठवावे लागते हे रोज पाहणारे तिथलेच शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना ही देशातली पहिली हॉस्पिस सुरू केली. होली क्रॉसच्या सिस्टर्स तिथे शुश्रूषा करतात, रुग्णाकडून पैसे घेत नाहीत आणि धर्म विचारत नाहीत. इच्छामरणाविरुद्ध परिसंवादात केलेल्या भाषणांपेक्षा हे उत्तर वजनदार आहे. मारू नका, असे जो म्हणतो, त्याने वेदना राहू देऊ नये. आणि वेदना थांबवायला मॉर्फिन लागते. आपल्या राज्यकर्त्यांनी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने तेच मॉर्फिन परवान्यांच्या जंजाळात टाकले. व्यसनाधीन माणूस रोखण्याच्या नादात कॅन्सरचा रोगी जवळपास तीस वर्षे तळमळला. २०१४ च्या दुरुस्तीने गाठ थोडी सैल झाली. जीवनाच्या पावित्र्यावर निवेदने काढणाऱ्या सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्या तीस वर्षांत मॉर्फिनच्या एका गोळीसाठी मोर्चा काढल्याचे आम्हाला आठवत नाही.

२०१८ मध्ये घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. अटी इतक्या किचकट होत्या की जिवंत माणसाने त्या पुऱ्या करेपर्यंत मरण उरकून जावे. २०२३ च्या जानेवारीत त्या शिथिल झाल्या: नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळे, दंडाधिकाऱ्याच्या सहीची गरज नाही. इच्छापत्राची प्रत स्थानिक संस्थेने जपून ठेवायची, पण ती कोणाच्या हाती द्यायची हे ठरवून घेण्यासाठी डॉ. निखिल दातार यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. कायदा होतो दिल्लीत, अडतो कारकुनाच्या टेबलावर. हा कायदा आम्हाला योग्य वाटतो. त्यात मारण्याची परवानगी नाही; नको असलेला उपचार नाकारण्याची आहे. सालामांकाच्या त्या पाद्र्याने तो वाचला असता तर त्याची फारशी तक्रार राहिली नसती.

गिरगावातून आलेला एक अर्ज मात्र या सगळ्या भेदांत बसत नाही. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे सक्रिय इच्छामरणाची परवानगी मागितली. दोघांनाही दुर्धर आजार नव्हता. अंथरुणाला खिळून दुसऱ्याच्या हाती जाण्याआधी, एकमेकांच्या सोबतीने जायचे, एवढेच त्यांचे मागणे. थांबवायला त्यांच्या अंगाला एकही नळी नव्हती, म्हणून कायद्याकडे त्यांच्यासाठी काही नव्हते. चर्चचे उत्तर नाही असेच असणार. आमचेही तेच आहे. सशक्त माणसाच्या मरणावर सरकारने शिक्का मारायला सुरुवात केली, की तो शिक्का उद्या कोणाकोणाच्या अर्जावर उमटवून घेतला जाईल, याची कल्पना ज्या शहरात जागेचा भाव चौरस फुटाने मोजतात तिथे फार ताणावी लागत नाही. पण त्या दोघांना केवळ एकटेपणाने ग्रासले होते, चार माणसे भेटायला गेली असती तर त्यांनी अर्ज मागे घेतला असता, अशी गोड समजूत आम्ही करून घेणार नाही. त्यांनी सोबत मागितली नव्हती. परावलंबी होण्याची त्यांना भीती होती, आणि ती भीती वाजवी होती, कारण आपले म्हातारपण कोणाच्या हाती पडेल हे या शहरात कोणालाच सांगता येत नाही. तिला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. महापालिकेच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयातून, नुसती केईएममधून नव्हे, घरोघर जाऊन कूस बदलणारी, जखम धुणारी, मॉर्फिनचा डोस ठरवून देणारी पथके पुरेशा संख्येने निघाली पाहिजेत. त्यांना कायमच्या जागा आणि वेळेवर पगार मिळाला पाहिजे. मुंबईच्या सरधर्मप्रांताकडे दादरपासून कुलाब्यापर्यंत चर्चच्या वास्तू आहेत, शाळा आहेत, शुश्रूषेचा शेकडो वर्षांचा सराव असलेले संघ आहेत. रोमकडे डोळे लावून बसणाऱ्या धर्मप्रांताने या कामात महापालिकेकडे भागीदारी मागावी, आणि महापालिकेने ती नाकारू नये.